उतरत्या यानाचे तापचित्र

#थ्रेड

१/ ३ ऑगस्ट २००५. डिस्कव्हरी यानाच्या पोटाखाली अंतराळवीर स्टीव्ह रॉबिन्सन यांत्रिक बाहूच्या टोकावर उभे होते. टाइलांच्या फटींतून सुमारे अडीच सेंटिमीटर वर आलेल्या दोन पट्ट्या त्यांनी हातानेच उपसून काढल्या. एवढ्याशा पट्टीसाठी एवढे धाडस कशासाठी?

२/ यान वातावरणात शिरते तेव्हा त्याच्या अंगालगत हवेचा पातळ थर वाहत असतो. तो संथ असेपर्यंत ताप मर्यादेत राहतो. उंचवटा आडवा आला की त्यामागचा प्रवाह खवळतो आणि तेथील टाइलांना कितीतरी अधिक उष्णता सोसावी लागते. नेमकी किती, हे त्या वेळी खात्रीने सांगता येत नव्हते.

३/ या धास्तीमागे कोलंबियाची स्मृती होती. जानेवारी २००३ मध्ये उड्डाणावेळी फेसाचा तुकडा तिच्या डाव्या पंखाच्या कडेवर आदळला. कक्षेतील यानाची छायाचित्रे मिळवावीत, ही अभियंत्यांची मागणी वरिष्ठांनी पुढे जाऊ दिली नाही. १ फेब्रुवारीला परतताना तप्त वायू पंखात शिरले आणि कल्पना चावला यांच्यासह ७ जण मृत्युमुखी पडले.

४/ यानातील तापमापक ठरावीक बिंदूंचाच ताप सांगतात. संपूर्ण पोटाचा नकाशा हवा असेल, तर दुरून पाहावे लागते. तापलेला पृष्ठभाग अवरक्त किरण फेकतो. मधल्या हवेतील शोषणाचा हिशेब धरून त्यांच्या तीव्रतेवरून तापमान काढता येते. १९८२ मध्येच क्युपर या उडत्या वेधशाळेच्या ९१ सेंटिमीटर दुर्बिणीतून परतणाऱ्या कोलंबियाचे असे चित्र टिपले गेले होते.

५/ २८ मार्च २००९ रोजी नासाने हाच मार्ग नव्या साधनांनी चोखाळला. डिस्कव्हरीच्या डाव्या पंखाखाली सुमारे ६ मिलिमीटरचा उंचवटा मुद्दाम बसवला होता. अमेरिकी नौदलाचे ओरायन विमान खालून दबा धरून होते. ध्वनीच्या आठपटींहून अधिक वेगाने जाणारे यान त्याच्या अवरक्त कॅमेऱ्यात आले आणि उंचवट्यामागे पाचरीसारखा पसरलेला तप्त पट्टा स्पष्ट दिसला.

६/ संगणकी गणिते पडताळण्यासाठी आता प्रत्यक्ष उड्डाणाचे माप हाती आले. पुढील अनेक परतींत हेच निरीक्षण झाले. शटल २०११ मध्ये निवृत्त झाले. २०१४ मध्ये याच तंत्राने फाल्कन ९ चा परतणारा पहिला टप्पा न्याहाळला गेला.

७/ २००३ मध्ये मागितलेले चित्र मिळाले नाही. त्यानंतर मात्र यानाकडे बाहेरून पाहणे हा सुरक्षेचाच भाग ठरला.