‘डू ॲज डायरेक्टेड’: शाळेतल्या इंग्रजी व्याकरणाची दोनशे वर्षांची गोष्ट

नेहमीप्रमाणे, ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही किंवा लोकलच्या गर्दीत इयरफोन लावता आला नाही, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून देतोय. बोलताना जे पसरट झालं होतं ते इथे थोडं आवरलंय.

आजचा विषय ऐकून काही जणांच्या पोटात गोळा येईल. इंग्रजी व्याकरण. टेन्स, आर्टिकल, व्हॉइस, डायरेक्ट-इनडायरेक्ट. आणि पेपरातला तो प्रश्न, ‘डू ॲज डायरेक्टेड’. म्हणजे सांगितल्याप्रमाणे करा. ‘टू’ काढून वाक्य लिहा, ‘अनलेस’ वापरून लिहा, ‘नो सूनर दॅन’ घालून लिहा. माझी भाची सध्या हे करते, मी केलंय, माझ्या वडिलांनीही केलंय. हे नेमकं सांगितलं कोणी, केव्हा आणि कशासाठी?

मी काही इंग्रजीचा प्राध्यापक नाही. बीटेक केलंय, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. पण माझ्या कामातल्याच एका शब्दामुळे मी या विषयात शिरलो. प्रोग्रॅम चालवण्याआधी संगणक तुमच्या कोडचे तुकडे पाडतो, कुठला तुकडा काय काम करतो ते ओळखतो. हे करणाऱ्या भागाला आम्ही ‘पार्सर’ म्हणतो. हा शब्द संगणकवाल्यांनी शोधलेला नाही. तो शाळेतून आलाय! लॅटिनमध्ये ‘पार्स’ म्हणजे भाग. वाक्यातला प्रत्येक शब्द कुठल्या भागात मोडतो हे मास्तर विचारायचे, त्या व्यायामाचं नाव ‘पार्सिंग’. मराठी शाळांतही हा व्यायाम होता. आजी-आजोबांना विचारा, त्यांच्या पेपरात प्रश्न असायचा, ‘अधोरेखित शब्दांचे व्याकरण चालवा.’ जात, लिंग, वचन, विभक्ती, सगळं सांगायचं. आम्ही कोड चालवतो, ते व्याकरण चालवायचे.

आठ हा आकडा आला कुठून?

‘पार्ट्स ऑफ स्पीच किती?’ ‘आठ, सर!’ हे उत्तर आपण झोपेतही देऊ. पण हा आकडा इंग्रजीचा नाही. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी डायोनिसियस थ्रॅक्स या ग्रीक पंडिताच्या नावावरच्या व्याकरणात शब्दांचे आठ प्रकार सांगितले होते. त्यात आर्टिकल होतं. रोमन लोकांनी ही मांडणी लॅटिनसाठी उचलली, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपल्याकडे आर्टिकल नाहीच. मग प्रकार सात करायचे का? तर नाही. त्यांनी ‘अरे!’, ‘अबब!’ अशा उद्गारांना वेगळा प्रकार दिला आणि आठचे आठ कायम ठेवले. केवलप्रयोगी अव्यय तुमच्या पुस्तकात वेगळ्या धड्यात का आहे, त्याचं एक मूळ इथे आहे.

पुढे कित्येक शतकं युरोपात व्याकरण म्हणजे लॅटिनचं व्याकरण. इंग्रजी ही घरातली भाषा, तिला कसलं व्याकरण? 1762 मध्ये रॉबर्ट लाउथ या धर्मगुरूने इंग्रजी व्याकरणाचं छोटं पुस्तक काढलं. आणि 1795 मध्ये आला आपल्या गोष्टीतला मोठा माणूस, लिंडली मरे. हा मूळचा अमेरिकेतला वकील, नंतर इंग्लंडमध्ये यॉर्कजवळ स्थायिक झालेला. तिथल्या क्वेकर पंथाच्या मुलींच्या शाळेतल्या शिक्षिकांनी त्याला पुस्तक लिहायची गळ घातली. ते पुस्तक इतकं चाललं की लाखो प्रती खपल्या. 1797 मध्ये त्याने सरावाचं वेगळं पुस्तक काढलं. त्यात मुद्दाम चुकीची वाक्यं दिलेली, मुलांनी ती दुरुस्त करायची. सोबत उत्तरांची वेगळी किल्लीही! म्हणजे ‘करेक्ट द सेन्टेन्स’ आणि गाइड, दोन्ही सव्वादोनशे वर्षं जुने आहेत.

मुंबईत काय झालं?

1818 मध्ये पेशवाई संपली. 1822 मध्ये मुंबईत एल्फिन्स्टनच्या पुढाकाराने शाळा आणि शालेय पुस्तकांसाठी मंडळी उभी राहिली, तीच पुढे बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी झाली. 6 जानेवारी 1832 रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ सुरू केलं. त्यात मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी छापलेला असे. आजच्या भाषेत सांगायचं तर सबटायटल्ससकट.

1836 मध्ये दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं ‘महाराष्ट्र भाषेचें व्याकरण’ आलं. दादोबांना लोक मराठीचे पाणिनी म्हणतात. पण पाणिनीसमोर इंग्रजी पुस्तक नव्हतं, दादोबांसमोर होतं. परिभाषा संस्कृतची आणि मांडणीवर इंग्रजी व्याकरणाची छाप, असा तो मिलाफ होता. पुढे शाळाशाळांत रुजलेल्या ‘शब्दांच्या आठ जाती’ ग्रीसहून रोम, रोमहून इंग्लंड असा प्रवास करत आल्या आणि आपल्याकडे नाम, सर्वनाम, विशेषण अशी नावं घेऊन बसल्या. आपण मराठीत जो स्वल्पविराम आणि प्रश्नचिन्ह देतो, तेही इंग्रजीच्या वळणावरून आलं. त्याचं श्रेय मेजर कँडी या इंग्रज अधिकाऱ्याला दिलं जातं. म्हणजे इंग्रजी व्याकरण शिकता शिकता आपण आपल्या भाषेकडेही वेगळ्या चष्म्यातून बघायला लागलो.

याच काळात एक मोठा वाद झाला. 1840 च्या दशकात मुंबईच्या बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्ये अध्यक्ष अर्स्किन पेरी उच्च शिक्षण इंग्रजीतून द्यावं या मताचे होते, तर जॉर्ज जर्व्हिस देशी भाषांच्या बाजूने. जगन्नाथ शंकरशेट जर्व्हिसच्या बाजूने उभे राहिले. वरच्या शिक्षणात शेवटी इंग्रजी जिंकली. 1857 मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झालं, 1859 मध्ये पहिली मॅट्रिक झाली. न्यायमूर्ती रानडे आणि रा. गो. भांडारकर त्याच पहिल्या तुकडीतले. भांडारकरांनी नंतर शाळेतल्या मुलांसाठी संस्कृतचं ‘मार्गोपदेशिका’ लिहिलं. त्याची पद्धत कोणती? धडा, शब्द, मग संस्कृतातून इंग्रजीत आणि इंग्रजीतून संस्कृतात भाषांतर. आपली घरची भाषासुद्धा आपण इंग्रजीच्या खिडकीतून शिकायला लागलो होतो!

चावी की कुलूप?

इथून इंग्रजी व्याकरणाचं काम बदललं असं मला वाटतं. मॅट्रिक पास म्हणजे कारकुनी, वकिली, कॉलेज. नापास म्हणजे आयुष्यभर ‘नॉन-मॅट्रिक’. आणि हजारो मुलांची इंग्रजी तपासायची तर सोपा मार्ग कुठला? व्याकरण. निबंधाला किती मार्क द्यावेत यावर दोन परीक्षक भांडतील. रिकाम्या जागी ‘द’ हवा की ‘ॲन’ यावर भांडण नाही. जे तपासायला सोपं, ते शिकवायला महत्त्वाचं ठरतं.

आता बघा, त्याच भाषेकडे लोक किती वेगवेगळ्या नजरेने पाहत होते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या नावावर ‘वाघिणीचं दूध’ हा शब्दप्रयोग सांगितला जातो. त्याच्याही आधी, 1854 च्या ‘काव्यफुले’ या संग्रहात सावित्रीबाई फुल्यांनी इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरणारी कविता लिहिली होती. ज्यांना संस्कृतच्या दारातही उभं केलं जात नव्हतं, त्यांच्यासाठी इंग्रजी हे नवं दार होतं. 1882 मध्ये जोतीरावांनी हंटर आयोगाला निवेदन दिलं, त्यात त्यांचा मुद्दा सरळ होता: सरकारचा पैसा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर जातो, बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाकडे दुर्लक्ष होतं. दार आहे, पण दारापर्यंतचा रस्ताच नाही, असा त्याचा अर्थ.

हा रस्ता थोडाफार कोणी बांधला असेल तर तर्खडकर भाषांतर पाठमालेने. तर्खडकर घराण्याचंच नाव असलेली ही मालिका गावोगावच्या मुलांनी पिढ्यान् पिढ्या वापरली. तिची युक्ती साधी: नियम मराठीत सांगायचा, मग मराठी वाक्यांचं इंग्रजी करा, इंग्रजीचं मराठी करा. मास्तर चांगला नसला तरी अडत नसे. कंदिलाखाली बसून एकटा मुलगा पुढे सरकू शकत असे. हे आजच्या ॲपच्या आधीचं ॲप.

दुसऱ्या बाजूला जाडजूड इंग्रजी पुस्तकं होती. उत्तर भारतात शिक्षण खात्यात काम केलेल्या नेसफिल्डची पुस्तकं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आली. आणि मग ‘रेन अँड मार्टिन’! यातला पी. सी. रेन कोण होता माहितीय? मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यातला माणूस, कराचीत हेडमास्तर होता. कराची तेव्हा मुंबई इलाख्यातच होती. याच रेनने 1924 मध्ये फ्रेंच परदेशी फौजेवर ‘बो जेस्ट’ ही साहसी कादंबरी लिहिली, हॉलिवूडने तिच्यावर एकापेक्षा जास्त सिनेमे काढले. जगाला तो कादंबरीकार म्हणून माहीत, आपल्याला ‘पॅसिव्ह व्हॉइस’वाला म्हणून. त्याच्या व्याकरणाचे प्रकाशक मुंबईचे के. अँड जे. कूपर.

‘डिड नॉट वेंट’ची गोष्ट

आता स्वतःकडे येतो. कॉलेजात कॅम्पस मुलाखतीला एक कंपनी आली होती. माझा एक मित्र, मराठी माध्यमाचा, कोडिंगमध्ये वर्गात सगळ्यात पुढे. अल्गोरिदमचे प्रश्न त्याने फटाफट सोडवले. मग इंग्रजीत स्वतःबद्दल सांगताना म्हणाला, ‘आय डिड नॉट वेंट.’ समोरचे दोघं एकमेकांकडे बघून हसले. तो गप्पच झाला. निवड झाली नाही. कारण तेच होतं असं मी छातीठोक म्हणणार नाही, पण त्यानंतर दोन महिने तो वर्गात इंग्रजी बोलला नाही, हे मी पाहिलंय.

त्या वाक्यात नेमकं काय झालं? मराठीत आपण म्हणतो, ‘मी गेलो नाही.’ भूतकाळ कुठे बसला? ‘गेलो’मध्ये. नकार दिला तरी तो तिथेच राहतो. इंग्रजीत नकार देताना ‘डू’ मदतीला येतो आणि भूतकाळ आपल्या अंगावर घेतो, मग ‘वेंट’चं परत ‘गो’ होतं. मित्राने मराठीचा नियम इमानदारीने पाळला होता. आणि गंमत म्हणजे चारशे वर्षांपूर्वी इंग्रजसुद्धा ‘आय नो नॉट’, ‘आय वेंट नॉट’ असं सर्रास म्हणायचे, अगदी आपल्यासारखं. हा ‘डू’ नंतर पक्का झाला. आर्टिकलचंही तेच. मराठीत ‘द’ नाही, रोमन लोकांकडेही नव्हता. आपली शब्दयोगी अव्ययं नामानंतर येतात, ‘टेबलाखाली’. इंग्रजीची आधी, ‘अंडर द टेबल’. चूक जिथे होते तिथे दोन भाषांची हद्द असते, डोक्याचा दोष नसतो.

मग सराव करायचा की नाही?

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात इंग्रजी आठवीपासून ठेवली गेली. मग पाचवीपासून आली आणि 2000 पासून महाराष्ट्रात पहिलीपासून. दरम्यान 1979 ते 1984 या काळात एन. एस. प्रभू यांनी दक्षिण भारतातल्या काही शाळांत एक प्रयोग केला, ‘बंगलोर प्रोजेक्ट’ नावाने तो जगभर माहीत आहे. नियम शिकवायचेच नाहीत. रेल्वेचं वेळापत्रक द्या, नकाशा द्या, प्रश्न सोडवायला लावा. इंग्रजी आपोआप बसेल. नंतर झालेल्या मूल्यमापनात कौल अगदी एकतर्फी लागला नाही, पण नियम न घोकताही मुलं शिकतात हे जगाला दिसलं.

मी कोड लिहिणारा माणूस आहे, सरावाला नावं ठेवणार नाही. हात बसल्याशिवाय काहीच येत नाही. पण कंपायलर चूक दाखवतो तेव्हा ओळ नंबर देतो, कारण देतो, आणि हसत नाही. शाळेतला लाल पेन ओळ नंबर देतो, कारण क्वचित देतो. भाचीबरोबर आम्ही हल्ली रोज पाच वाक्यं करतो. तिच्याच दिवसातली, ‘आज डब्यात भेंडी होती’, ‘बस आली नाही’. आधी मराठी, मग इंग्रजी, मग दोन्ही शेजारी ठेवून व्याकरण चालवायचं: नकार कुठे बसला, काळ कुठे बसला, ‘द’ कुठून आला. ‘बस आली नाही’ला तिने आधी ‘डिड नॉट केम’ लिहिलं, मग दोन्ही वाक्यांवर बोट ठेवून ‘आली’ शोधलं आणि स्वतःच ‘कम’ केलं. पद्धत तर्खडकरांचीच आहे, भेंडी आमची.

तुमच्या घरी पाचवी-सहावीतलं कोणी असेल तर एवढं करून बघा. आणि तुमच्या आजोबांकडे पाठमालेची जुनी प्रत असेल, समासात पेन्सिलीने लिहिलेली उत्तरं असतील, तर त्या पानाचा फोटो काढून आम्हाला नक्की पाठवा. चांगले फोटो आले तर पुढच्या एपिसोडची सुरुवात त्यांनीच करू. भेटूया!