लेस पॉल यांची नावडती

१९५२ साली गिब्सन कंपनीने लेस पॉल या वादकाच्या नावाने इलेक्ट्रिक गिटार काढली. महोगनीचे भरीव अंग, वर मेपलचा थर. तासभर उभ्याने वाजवायची म्हणजे खांद्याची परीक्षाच! खप घसरला तेव्हा १९६१ मध्ये कंपनीने ती नव्याने घडवली. अंग पातळ केले, मान सडसडीत केली, दोन्ही बाजूंना खाचा दिल्या. सतारीसारखे गिटारीलाही पडदे असतात. त्यातल्या अगदी शेवटच्या पडद्यांवर आता बोटे सहज पोचू लागली.

पण खुद्द लेस पॉल यांनाच ती आवडली नाही. १९६३ पर्यंत त्यांचे नाव तिच्यावरून उतरले, उरली नुसती 'एसजी'. पुढे १९६६ मध्ये जॉन मेयॉलच्या तबकडीत एरिक क्लॅप्टनने जुन्या, जड गिटारीचा भरदार आवाज ऐकवला आणि वादक जुनीच शोधू लागले. १९६८ मध्ये कंपनीने ती पुन्हा बाजारात आणली.

मला यात नावडतीचे मीठ अळणी वाटते. टोनी आयोमी आणि अँगस यंग यांनी एसजीवरच नाव कमावले. तिचे मालक तक्रार करतात ती वेगळीच : हात सोडला की मान खाली कलते.