पेव, पऱ्हाटी आणि पटकी



वाशीमच्या इतिहासाचा विषय निघाला की वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेची आठवण प्रथम होते, आणि ती होणे योग्यच आहे. परंतु आज अनसिंगच्या मंडळींपुढे मला राजघराण्यांविषयी नव्हे, तर आपल्या पायाखालच्या काळ्या जमिनीविषयी बोलावयाचे आहे. रान, ताटातील भाकर आणि घरात शिरणारा रोग ह्या तिहींचा इतिहास वेगवेगळा लिहिता येत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

जुनी खानेसुमारी पाहा. १८९१ साली वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २८ लाख ९७ हजार होती. १९०१ साली ती २७ लाख ५४ हजारांवर आली. म्हणजे शेकडा पाचांची घट झाली. त्या वेळी वाशीम हा स्वतंत्र जिल्हा होता; पुढे १९०५ साली तो मोडण्यात आला. ह्या जिल्ह्यातील घट मात्र शेकडा अकरा होती. दर नऊ माणसांमागे एक माणूस नाहीसा झाला. काही गाव सोडून गेले असतील, पुष्कळ मेले.

असे का झाले? १८९६-९७ आणि १८९९-१९०० ह्या वर्षी दुष्काळ पडले, हे उत्तर खरे आहे. पण ते अपुरे आहे. पाऊस त्यापूर्वीही चुकत असे. मधल्या काळात बदलले होते ते रान.

१८५३ साली वऱ्हाड कंपनी सरकारच्या कारभाराखाली गेला. १८६१ ते १८६५ ह्या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर आपल्या काळ्या जमिनीकडे वळली. १८६७ साली आगगाडी नागपूरला पोहोचली. १८७० साली खामगावचा फाटा सुरू झाला. वाशीमकडे रूळ नव्हते. परंतु मालेगाव-पातूरच्या वाटेने अकोल्याला गाड्या जातच होत्या. पूर्वी बैलांच्या तांड्यांवर धान्य आणि मीठ वाहणाऱ्या बंजारा समाजाचा धंदा आगगाडीने बुडवला. ह्या भागातील अनेक तांडे मग जमिनीला धरून स्थिर झाले. पडीक आणि चराईची जमीन नांगराखाली येत गेली.

ज्वारी केवळ माणसाला भाकर देत नाही. ती बैलाला कडबा देते. बैल शेताला खत देतो. उरलेले धान्य पेवात जाते आणि वाईट वर्षी बाहेर निघते. कापूस रोख पैसा देतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्या पैशाने सारा भागला, लग्ने झाली. पण पऱ्हाटी चुलीत जाते, गव्हाणीत नाही. आणि पैसा पेवात साठवला तरी त्याची भाकर होत नाही. पाऊस गेला तेव्हा धान्याचे भाव चढले, मजुरी बंद झाली, गुरे वैरणीवाचून मेली आणि पुढल्या पेरणीला बैल उरले नाहीत.

दुष्काळात माणसे केवळ उपासाने मरत नाहीत. विहिरी आटल्या म्हणजे साऱ्या गावाला एकाच डबक्याचे पाणी प्यावे लागते, आणि पटकी तेथूनच पसरते. दुष्काळी कामावर खडी फोडण्यासाठी हजारो माणसे एकत्र येत. रोगाला ती मोठी सोय होई. पटकीच्या जंतूची ओळख कॉखने १८८४ साली कलकत्त्यात पटवली होती, परंतु ते ज्ञान खेड्यातील विहिरीपर्यंत पोहोचले नव्हते. पुढे पाऊस परते, डबकी भरत, डास वाढत आणि हिवताप खंगलेल्या शरीरांना गाठी. डास आणि हिवताप ह्यांचा संबंध रॉसने १८९७ साली सिकंदराबादेस दाखवला, तोही ऐन दुष्काळी वर्षात!

ह्याच्या उलट १९७२ चे वर्ष आठवा. त्या वर्षीही महाराष्ट्रात पाऊस गेला, गुरे गेली, लोकांनी खडी फोडली आणि सुकडी खाल्ली. पण १९०० सालासारखे मरण आले नाही. धान्य बाहेरून आणून वाटले गेले, सरकारी कामे निघाली, लस आणि औषधे होती. आभाळ तेच होते. माणसांची व्यवस्था निराळी होती.

म्हणून निश्चिंत राहावे काय? आज वाशीम जिल्ह्यात कापसाची जागा बहुतेक सोयाबीनने घेतली आहे. ज्वारी मागे पडली आहे, पेवे बुजली आहेत, बैल कमी झाले आहेत. पीक बदलले, दूरच्या बाजारभावावर घर चालवण्याची रीत बदलली नाही. शेतकऱ्याला दोष देण्यासाठी मी हे म्हणत नाही. ज्वारीला भाव मिळत नसेल तर ती त्याने कशाच्या बळावर पेरावी?

एक विनंती करतो. आपल्या गावचे जुने कोतवालबुक आणि जुना पीकपेरा जेथे सापडेल तेथून मिळवा. एकात जन्ममृत्यूच्या नोंदी आहेत, दुसऱ्यात पिकांच्या. ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वर्षामागून वर्ष वाचा. अनसिंगचा खरा इतिहास त्यांत आहे, आणि तो लिहिण्याचे काम बाहेरचा कोणी येऊन करणार नाही.