सरोवरावरचे आकाश आणि बायरनचा अंधार

साहित्याच्या वर्गात जिनिव्हा सरोवराचा विषय निघाला, की १८१६ चा उन्हाळा ओघानेच येतो. काठावरचा व्हिला दिओदाती, बायरन, शेली, मेरी, न थांबणारा पाऊस आणि ‘फ्रँकेन्स्टाइन’ची जन्मकथा. बायरनची ‘डार्कनेस’ही त्याच उन्हाळ्यातली. तिचे विवेचन बहुधा रोमँटिक मनाच्या विषण्णतेपाशी थांबते. ते अपुरे आहे. एप्रिल १८१५ मध्ये सुंबावा बेटावरील तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला. त्यातला गंधकयुक्त वायू वातावरणाच्या वरच्या थरात गेला, तेथे आम्लाचे सूक्ष्म थेंब बनले आणि त्यांनी सूर्यप्रकाश विखुरला. पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा असा झालाच नाही. सरोवराकाठच्या मंडळींना यातले काही ठाऊक असणे शक्य नव्हते.

आकाश मोजण्याची खटपट मात्र याच जिनिव्हात आधी झाली होती. होरास-बेनेदिक्त द सोस्यूर (भाषाविज्ञानातल्या आपल्या सोस्यूरचे हे पणजोबा!) यांनी १७८९ च्या सुमारास ‘सायनोमीटर’ तयार केला. पांढऱ्यापासून जवळजवळ काळ्यापर्यंत निळ्याच्या ५३ छटांचे हे वर्तुळ आकाशासमोर धरायचे आणि जुळणारी छटा शोधायची. निळाईची गडद-फिकट छटा हवेत तरंगणाऱ्या बाष्पकणांवर अवलंबून असते, अशी त्यांची धारणा होती. हुम्बोल्टने १८०२ मध्ये हे साधन चिंबोराझोवर नेले. गंमत अशी, की बायरनने ‘डॉन जुआन’च्या चौथ्या सर्गात त्याची थट्टा केली आणि शोधाचे श्रेय हुम्बोल्टला देऊन टाकले. ज्या सरोवराकाठी त्याने ‘डार्कनेस’ लिहिली, तिथलाच सोस्यूर त्याच्या कवितेतून निसटला.

सायनोमीटर रंग सांगे, कण मोजत नसे. ते काम स्कॉटलंडच्या जॉन एटकेन यांनी १८८० च्या दशकाअखेरीस साधले. दमट हवा एकदम प्रसरण पावली की थंड होते आणि धुळीच्या प्रत्येक कणाभोवती पाण्याचा थेंब धरतो. हे थेंब चौकटी आखलेल्या लहानशा पट्टीवर पडू द्यायचे आणि भिंगातून मोजायचे. ल्युसर्न सरोवरालगतच्या रिगी पर्वतावर त्यांनी हे उपकरण नेले. आल्प्सकडून येणाऱ्या वाऱ्यात कण थोडे आणि दृष्टी दूरवर पोचे. दाट वस्तीच्या मैदानाकडून वारा आला, की आकडा चढे आणि समोरची शिखरे धूसर होत.