कावळ्याचं खातं

शिकारीचा इतिहास वाचायला घ्या. त्यात वाघ सापडतो, रानडुक्कर सापडतं, संस्थानिक तर पायलीला पन्नास सापडतात. पण कावळ्याला कुणी अर्धं पानही दिलेलं नाही. वाघ मारणाऱ्याचा फोटो दिवाणखान्यात लागतो. कावळा मारणाऱ्याला घरची मंडळी मोरीतलीसुद्धा भिंत देणार नाहीत. आम्ही पडलो बी.कॉम.! इतिहास असो की भूगोल, आम्हाला जमा आणि नावे असे दोनच रकाने दिसतात. त्या नजरेने पाहिलं तर कावळ्याचं खातं मोठं गुंतागुंतीचं निघतं.

पहिली ठळक नोंद १९७२ सालची. त्या वर्षी आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा झाला, आणि कावळा गेला पाचव्या परिशिष्टात. शेजारी कोण, तर उंदीर आणि फळं खाणारी वटवाघळं. शेरा, 'उपद्रवी'. म्हणजे खुशाल मारा, कुणी विचारणार नाही. गंमत पाहा, त्याच १९७२ साली अमेरिकेने मेक्सिकोबरोबरच्या पक्ष्यांच्या करारात कावळ्याचं कुळ घातलं. तिथे त्याची शिकार वर्षातून फार तर १२४ दिवस, आणि ऐन घरट्यांच्या मोसमात बंद. थोडक्यात, आपण त्याला बुडीत खात्यात टाकलं आणि तिकडे त्याला हक्काची रजा लागू झाली.

तिकडचा शिकारी पुष्कळदा एकटाच निघतो. झाडाझुडपाच्या रंगाचे कपडे घालायचे, आडोशाला दडायचं, समोर प्लॅस्टिकचं घुबड मांडायचं आणि पिपाणीतून कावळ्याची हाक द्यायची. घुबड म्हणजे कावळ्याचा जन्माचा वैरी. त्याला झोडपायला भाऊबंद गोळा होतात. दिवस सत्कारणी लागायचा तर मुख्य नियम एकच, जागचं हलायचं नाही. या कसोटीवर आमच्या काउंटरवरची निम्मी मंडळी जागतिक दर्जाची शिकारी ठरतील.

पण कावळा चेहरा विसरत नाही. सिॲटलला जॉन मार्झलफ नावाच्या प्राध्यापकांनी २००६ साली आदिमानवाचा मुखवटा घालून सात कावळे पकडले आणि सोडून दिले. पुढे कित्येक वर्षं तो मुखवटा दिसला की कावळे कालवा करीत अंगावर येत. ज्यांना पकडलंच नव्हतं तेसुद्धा! तुलनेसाठी दुसरा मुखवटा होता उपाध्यक्ष डिक चेनी यांचा. त्याच्याकडे कावळ्यांनी फारसं लक्ष दिलं नाही. त्याच वर्षी चेनीसाहेबांनी लाव्यांच्या शिकारीत चुकून सोबत्यालाच छर्रे घातले होते. कावळ्यांपर्यंत ती बातमी पोचली नसावी.

आता जाफराबादला या. केळणा आणि धामणा या नद्यांकाठचं हे गाव. १९८१ साली जालना जिल्हा झाला, तेव्हा औरंगाबाद सोडून इकडे आलं. इथे कावळ्यावर कुणी बंदूक रोखत नाही. इथे उलटी शिकार चालते. दहाव्याला नदीकाठी पिंड मांडतात, मंडळी मागे सरतात आणि थोरला मुलगा एकटा पुढे उरतो. नियम तेच. हलायचं नाही, नजर झाडावर. पिपाणीऐवजी तोंडाने 'काव, काव'. कावळा फांदीवरून एका डोळ्याने बघतो, पण खाली काही येत नाही.

मग कबुल्या सुरू होतात.

"तात्या, धाकटीचं लगीन मी करून देईन."

कावळा मान वळवतो.

"आईला अंतर देणार नाही."

कावळा चोच घासतो. मागून मामा हळूच म्हणतात, "विहिरीचं बोल की रे!"

"तात्या, धाकट्याचं पाणी तोडणार नाही."

झालं! कावळा शिवतो, मुलगा रडतो आणि मंडळी मोकळा श्वास घेतात. यालाच म्हणायचं यशस्वी दिवस. दुपार टळली तरी कावळा आलाच नाही, तर दर्भाचा कावळा करून भागवतात. पण मुलाच्या मनाला ते लागून राहतं.

बँकेत आम्ही तारण घेतो, दोन जामीन घेतो, स्टॅम्पपेपर घेतो, तरी वसुलीला चपला झिजतात. इथे नुसतं तोंडी वचन, आणि ते मोडताना माणूस दहादा विचार करतो. कारण साक्षीदार रोज सकाळी पत्र्यावर येऊन बसतो, आणि तो चेहरा विसरत नाही.

नव्या दुरुस्तीने ते उपद्रवींचं परिशिष्टच रद्द झालं. तारीख, १ एप्रिल २०२३. बँकवाल्याला त्या तारखेचं नवल नाही. नवी खातेवही त्याच दिवशी उघडते. पण सरकारदप्तरी कावळा उपद्रवी होता त्या पन्नास वर्षांत नदीकाठी किती जणांचे वडील त्याच्या रूपाने जेवून गेले असतील! ती नोंद कुठल्याच परिशिष्टात नाही. ती ज्याच्या त्याच्या घरी आहे. कुठे नांदत्या धाकटीच्या रूपात, कुठे दोघा भावांच्या सामाईक विहिरीत.