लँड रोव्हरचा ताप : डिझेल इंजिन का उकळतं, याचा थोडा इतिहास



मे महिन्यात खंबाटकीचा घाट ज्यांनी चढलाय, त्यांना हे दृश्य वेगळं सांगायला नको. वळणावर ट्रक उभा, बॉनेट वर, क्लीनर कॅन घेऊन पाणी शोधायला गेलेला आणि ड्रायव्हर ओलं फडकं हातात धरून रेडिएटरच्या झाकणाकडे संशयाने बघतोय. आपण मनाशी पक्कं धरून बसलो की आपला देश गरम, म्हणून गाड्या उकळतात. मग इकडे विलायतेत येऊन बघावं, तर बाहेर पाच डिग्री आणि शॅपच्या चढावर मागे कॅराव्हॅन जोडलेली एक जुनी लँड रोव्हर वाफ सोडत कडेला उभी! मग हवेचा दोष कुठे राहिला?

साधा हिशेब करू. इंजिनातलं पाणी ९० डिग्रीच्या आसपास असतं. बाहेर ५ असेल तर फरक ८५ चा, ३५ असेल तर ५५ चा. म्हणजे थंडीची मदत होते, नाही असं नाही. पण उष्णता तयार होते ती जळणाऱ्या डिझेलमधून, आणि जितका भार जास्त तितकं डिझेल जास्त. ढोबळ मानाने डिझेलमधल्या ऊर्जेचा एक तृतीयांश भाग चाकांच्या कामी येतो, एक तृतीयांश धुराड्यातून जातो आणि उरलेला पाण्याला, म्हणजे रेडिएटरला, निस्तरावा लागतो. गाडी उकळते ती या तिसऱ्या वाटेकऱ्याला काम झेपत नाही म्हणून.

सॉलिहलच्या कारखान्याने हा धडा जवळजवळ पन्नास वर्षं गिरवला. लँड रोव्हर पहिल्यांदा लोकांसमोर आली १९४८ साली, अ‍ॅमस्टरडॅमच्या प्रदर्शनात. मॉरिस विल्क्स आपल्या अँगलसीच्या शेतावर युद्धातली जुनी विलीज जीप वापरत, त्यावरून ही कल्पना निघाली. (त्याच विलीजची वंशावळ इकडे महिंद्रांनी मुंबईत चालवली. पुढे महिंद्रांची डिझेल इंजिनं इगतपुरीला बनू लागली, म्हणजे बरोब्बर कसारा घाटाच्या माथ्यावर!) लँड रोव्हरला डिझेल इंजिन मिळालं १९५७ मध्ये. दोन लिटरचं, ताकद जेमतेम ५२ अश्वशक्ती. ब्लॉक बिडाचा, हेडही बिडाचं. १९६१ मध्ये ते सव्वादोन लिटरचं झालं. हळू होतं, खडखडाट करायचं, पण मुळात ताकदच कमी, त्यामुळे तापही बेताचाच. गरीब माणसाला चोराची भीती नसते, तसं.

भानगड सुरू झाली ताकद हवी झाली तेव्हा. आफ्रिका, ऑस्ट्रेलिया या हक्काच्या बाजारपेठांत टोयोटाची लँड क्रूझर घुसली होती. तेव्हा १९७० च्या दशकाच्या शेवटी रोव्हरने पीटरबरोच्या पर्किन्सबरोबर एक प्रकल्प हाती घेतला : रेंज रोव्हरमधल्या अ‍ॅल्युमिनियमच्या व्ही-एट पेट्रोल इंजिनाचं डिझेल करायचं. नाव ठेवलं ‘आइसबर्ग’! डिझेलमध्ये सिलिंडरमधला दाब पेट्रोलपेक्षा कितीतरी जास्त. पाणी फिरायच्या वाटा मात्र पेट्रोलच्या हिशेबाने ओतलेल्या. हेड गॅस्केट टिकेना, थंडावा पुरेना. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हा हिमनग गुंडाळला गेला.

मग १९८६ मध्ये दोन वाटा एकदम चोखाळल्या. रेंज रोव्हरमध्ये इटलीच्या व्हीएम कंपनीचं डिझेल बसवलं. त्यात प्रत्येक सिलिंडरला वेगळं हेड आणि वेगळं गॅस्केट, म्हणजे फुटायला चार जागा. दुसरीकडे आपल्याच जुन्या अडीच लिटरच्या इंजिनाला टर्बो लावला. म्हाताऱ्या बैलाला रेसला जुंपावं तसा प्रकार झाला. पिस्टनला तडे, हेडला तडे अशा तक्रारी त्याच्या वाट्याला आल्या. शहाणपण आलं १९८९ मध्ये. डिस्कव्हरीबरोबर २००टीडीआय आलं. डिझेल थेट ज्वलनकक्षात फवारणारं, त्यामुळे पाण्यात वाया जाणारी उष्णता मुळातच कमी. ताकद वाढली आणि तापही आटोक्यात आला. माझ्या मते त्या कारखान्याचा हा सगळ्यात मोठा विजय : रेडिएटर मोठा करत बसण्यापेक्षा उष्णता कमी वाया घालवणं.

पण दुखणं गेलं नाही, जागा बदलली. १९९४ च्या ३००टीडीआयमध्ये थर्मोस्टॅटच्या घरावर प्लास्टिकचा बूच आणि पाण्याच्या पंपामागे एक छोटं ‘पी’ गॅस्केट. बूच तडकला की पाणी गुपचूप जायचं. मालक पितळी बूच बसवू लागले. काही पौंडांचा मामला. १९९८ च्या टीडी-फाइव्हमध्ये हेड जागेवर धरणाऱ्या खुंट्या सुरुवातीला प्लास्टिकच्या होत्या, पुढे धातूच्या केल्या. एवढ्याशा गोष्टींनी मोठाली इंजिनं भंगारात गेली.

आणि इथे मुख्य मुद्दा येतो. बरीच इंजिनं काट्यावर विश्वास ठेवल्यामुळे गेली. डॅशबोर्डवरचा काटा पाण्याचं तापमान दाखवतो, धातूचं नव्हे. पाणीच निघून गेलं तर सेन्सर नुसत्या हवेत लोंबकळतो आणि काटा खाली येतो! इंजिन जळत असताना काटा म्हणतो, सगळं थंड. शिवाय अनेक गाड्यांत काटा मुद्दाम मध्यावर स्थिर ठेवलेला असतो, उगाच ग्राहक घाबरू नये म्हणून. चढावर हीटरमधून अचानक थंड हवा यायला लागली तर समजा, पाणी गेलंय. लगेच कडेला घ्या, इंजिन बंद करा, आणि झाकणाला हात लावू नका. साधारण एक बार जादा दाबाखाली पाणी १२० डिग्रीपर्यंत उकळत नाही. झाकण उघडताच ते एकदम उकळतं आणि थेट तोंडावर येतं.

जुने मेकॅनिक निदान करतात ते ताप कधी येतो, हे विचारून. आपले फॅमिली डॉक्टर विचारायचे तसंच. हळू चढावर किंवा ट्रॅफिकमध्ये तापते, मोटरवेवर बरी असते? मग पंखा बघा. व्हिस्कस पंख्यातलं सिलिकॉन तेल गेलं की पंखा नुसता सैल फिरतो. उलट मोटरवेवरच तापते? रेडिएटर आतून गाळाने किंवा बाहेरून चिखलाने भरलाय. थंड इंजिन सुरू केल्या केल्या होज दगडासारखा कडक होतो, टाकीत बुडबुडे येतात? हेड गॅस्केट. ज्वलनाचा वायू पाण्यात शिरलाय का, हे रंग बदलणाऱ्या रसायनाने दहा मिनिटांत कळतं.

आणि आपल्याकडचा जालीम उपाय, ‘थर्मोस्टॅटच काढून टाका साहेब’? काही इंजिनांत थर्मोस्टॅट बायपासची वाटही बंद करतो. तो काढला की गरम पाणी रेडिएटरला टांग मारून परत इंजिनात जातं आणि ताप वाढतो. रोग्याचा थर्मामीटर फोडून ताप उतरत नाही.

२००८ मध्ये टाटांनी हा कारखाना घेतला तेव्हा आपली सगळ्यांचीच कॉलर ताठ झाली होती. २०११ पासून पुण्यात फ्रीलँडर जोडल्या जाऊ लागल्या. जुन्या डिफेंडरची शेवटची गाडी २९ जानेवारी २०१६ रोजी सॉलिहलहून बाहेर पडली. त्या वंशातल्या डिझेल गाड्या इथल्या शेतांवर अजून धावताहेत. त्या टिकतील की नाही, हे नवं हेड मागवण्याआधी कुणी चार प्रश्न विचारतं का, यावर ठरेल. ताप हे लक्षण आहे, रोग नव्हे; आणि सॉलिहलला हे कळायला १९५७ पासून बत्तीस वर्षं लागली.

चूकभूल देणे घेणे.