पत्ता असलेली मैदानं

एमसीजी आपल्याला माहीत असतं ते क्रिकेटमुळे. २३ ऑक्टोबर २०२२, पाकिस्तानविरुद्ध विराटचे नाबाद ८२, मैदानात ९०,२९३ माणसं... ती संध्याकाळ कोण विसरेल! पण मेलबर्नकराला विचाराल तर तो म्हणेल, क्रिकेट उन्हाळ्यापुरतं हो. थंडीत तिथे 'फूटी' असते, आणि खरं वेड तेच.

आजचा विषय एमसीजी नाही. त्याच शहरात अशी दहाएक मैदानं आहेत जिथे एके काळी दर शनिवारी वीस-तीस हजार लोक उभे राहून फूटी बघायचे. आज त्यातल्या एकाही ठिकाणी पुरुषांच्या मोठ्या लीगचा सीझन होत नाही. कामानिमित्त मेलबर्नला होतो तेव्हा वीकएंडला यातली बरीचशी मी पायी पालथी घातली. तेव्हापासून डोक्यात एक प्रश्न घोळतोय. ही मैदानं बंद करण्याचा हिशेब बरोबर होता, मग एवढं हरवल्यासारखं का वाटतं?

आधी खेळ थोडक्यात सांगतो. फूटी म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल. एका बाजूला १८ खेळाडू, लंबगोल चेंडू, दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांमधून लाथाडलात तर ६ गुण, बाजूच्या खांबांमधून गेला तर १. हे सगळं सुरू झालं ते क्रिकेटवाल्यांमुळेच. टॉम विल्स नावाच्या क्रिकेटपटूने १८५८ साली एक पत्र छापून आणलं, की थंडीत आपले खेळाडू सुस्तावतात, त्यांच्यासाठी काहीतरी खेळ काढा. १८५९ मध्ये नियम लिहिले गेले. खेळायला क्रिकेटची मैदानं होतीच. आणि क्रिकेटचं मैदान ठरावीक मापाचं कधीच नसतं, त्यामुळे फूटीतही मैदानाचं एकच असं माप आजतागायत नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर ग्राउंड साइज हा कॉन्स्टंट नाही, व्हेरिएबल आहे!

ही गोष्ट वाटते तेवढी किरकोळ नाही. सगळी गंमत तिथूनच सुरू होते.

व्हिक्टोरियन फुटबॉल लीग १८९७ साली आठ क्लबांनिशी सुरू झाली. १९२५ पर्यंत ते बारा झाले. अकरा मेलबर्नचे आणि एक जिलाँग गावचा. मेलबर्नच्या क्लबांची नावं म्हणजे बहुतेक सबर्बांचीच नावं: कॉलिंगवुड, कार्लटन, फिट्झरॉय, रिचमंड, एसेंडन, फुट्सक्रे... सबर्ब म्हटल्यावर बोरिवली-कल्याण डोळ्यांपुढे आणू नका. यातले बरेचसे शहराला अगदी खेटून आहेत, पेठा म्हणा हवं तर. कॉलिंगवुडचं व्हिक्टोरिया पार्क आणि फिट्झरॉयचं ब्रन्सविक स्ट्रीट ओव्हल यांत अर्ध्या तासाच्या चालीचं अंतर. १९१५ पासून तर नियमच झाला, की ज्या भागात राहता त्या भागाच्याच क्लबकडून खेळायचं. म्हणजे मैदानात पडणारा-झडणारा तो पोरगा खरोखरच तुमच्या गल्लीतला असायचा.

या कामगारांच्या वस्त्या. कॉलिंगवुडला बुटांचे कारखाने, रिचमंडला काडेपेट्यांचा आणि टोमॅटो सॉसचा, फुट्सक्रेला दोर वळायचा. शनिवारी हाफ डे. दुपारी भोंगा झाला की घरी जाऊन पोटात काहीतरी ढकलायचं आणि चालत मैदानावर. सहाच्या सहा मॅचेस त्याच दिवशी, एकाच वेळी, सहा मैदानांवर.

माझ्या टीममध्ये एक साठीला टेकलेला डीबीए होता, फुट्सक्रेचा. सत्तरच्या दशकातलं त्याचं लहानपण वेस्टर्न ओव्हलवर गेलेलं. लंचला एकदा त्याला बोलतं केलं की कॉफी गार व्हायची. बसायला स्टँड मेंबरांसाठी, बाकीचे उघड्यावर, त्या भागाला 'आउटर' म्हणायचे. पोरांना दिसावं म्हणून बाप लोक बिअरचे रिकामे कॅन पायाखाली रचून द्यायचे. तिसरा क्वार्टर संपला की गेट उघडायचं, मग खिशात दमडी नसलेलाही आत. शेवटचा भोंगा वाजला की सगळी पोरं कुंपणावरून मैदानात, अंधार पडेपर्यंत चेंडू लाथाडायला.

मला सगळ्यांत आवडला तो स्कोअरबोर्ड. बाकीच्या पाच मॅचेसचे स्कोअर त्यावर लागायचे, पण टीमची नावं नसायची. नुसती अक्षरं, ए, बी, सी, डी. कुठलं अक्षर कुणाचं हे 'फुटबॉल रेकॉर्ड' नावाच्या छोट्या पुस्तिकेत छापलेलं. पैसे मोजून ती घेतली असेल तरच उलगडा होणार, नाहीतर शेजाऱ्याच्या हातात डोकवायचं. चक्क एन्क्रिप्शन! आणि त्यातून शेजाऱ्याशी ओळख व्हायची ती वेगळीच.

आता त्या मैदानांच्या तऱ्हा बघा. हॉथॉर्नचं ग्लेनफेरी ओव्हल इतकं चिंचोळं, की एका बाजूला रेल्वेलाइन, खेळाडू मध्ये कोंबलेले. नॉर्थ मेलबर्नच्या आर्डेन स्ट्रीटला शेजारी गॅसची टाकी. एसेंडनच्या मैदानाचं नावच विंडी हिल. फुट्सक्रेच्या वाऱ्याची ख्याती त्याहून मोठी. वारा पाठीशी असलेल्या क्वार्टरमध्ये जेवढं जमेल तेवढं लुटायचं आणि पुढच्या क्वार्टरमध्ये दार लावून बसायचं, हीच स्ट्रॅटेजी. सेंट किल्डाचं मूराबिन चिखलासाठी बदनाम. पावसात भर म्हणून ग्राउंड्समन मुद्दाम पाणी सोडतो, असा पाहुण्यांचा कायम संशय.

दर पंधरा दिवसांनी टीमला परक्या मुलखात जाऊन तिथला वारा, तिथला चिखल, तिथली शिवीगाळ सोसायची. 'होम ग्राउंड' या शब्दाला वजन होतं ते त्यामुळे.

शिवीगाळ म्हटलं तर इथे थांबायलाच हवं. जुन्या आठवणींचा वास नेहमी गोडच येतो, पण या मैदानांना खरा वास मुतारीचा आणि सांडलेल्या बिअरचा होता. बायकांसाठी धड सोयी नव्हत्या. आणि आउटरमधून जे ओरडलं जायचं ते सगळं गमतीचं नव्हतं. १७ एप्रिल १९९३. व्हिक्टोरिया पार्कवर सेंट किल्डाने कॉलिंगवुडला हरवलं. सेंट किल्डाच्या निकी विनमारला, जो आदिवासी समाजाचा, प्रेक्षकांनी दिवसभर वर्णावरून घाण शिव्या दिल्या होत्या. मॅच संपल्यावर तो त्याच प्रेक्षकांसमोर उभा राहिला, जर्सी वर उचलली आणि स्वतःच्या काळ्या त्वचेकडे बोट दाखवलं. दोन फोटोग्राफरांनी ते टिपलं. ऑस्ट्रेलियन खेळाच्या इतिहासात याहून मोठे फोटो थोडेच असतील. १९९५ मध्ये लीगने वर्णद्वेषी शिवीगाळीविरुद्ध नियम केला. २०१९ पासून पर्थच्या नव्या स्टेडियमबाहेर त्या क्षणाचा पुतळा उभा आहे. सगळे एकमेकांना ओळखतात अशा वस्तीत ऊब असते, तशीच परक्यासाठी दहशतही असते. 'ते दिवस किती छान' म्हणताना हेही त्याच पानावर लिहावं लागतं.

मग ही मैदानं बंद का पडली? खलनायक शोधायला गेलात तर निराश व्हाल. गोष्ट पैशाची होती.

लीगला फार पूर्वीपासून एक ठुसठुस होती. ही मैदानं क्लबांच्या मालकीची नव्हतीच. जमीन सार्वजनिक, ताबा नगरपालिकेचा किंवा क्रिकेट क्लबाचा, फूटीवाले भाडेकरू. म्हणून लीगने १९६२ मध्ये शहरापासून लांब मलग्रेव्हला स्वतःची जमीन घेतली आणि १९७० मध्ये तिथे व्हीएफएल पार्क, म्हणजे पुढचं वेव्हर्ली पार्क, सुरू केलं. गाड्यांसाठी अफाट पार्किंग होतं. रेल्वे येणार येणार म्हणत कधी आलीच नाही. थंडी अशी, की लोक त्याला 'आर्क्टिक पार्क' म्हणू लागले.

ऐंशीच्या दशकात क्लब कर्जात बुडाले. खेळाडूंचे पगार वाढले होते, टीव्ही आला होता. १९८२ मध्ये साउथ मेलबर्न क्लब लेक ओव्हल सोडून थेट सिडनीला गेला. लोकांनी विरोधात मोहीम चालवली, उपयोग झाला नाही. १९८७ मध्ये पर्थ आणि ब्रिस्बेनच्या टीम आल्या आणि १९९० मध्ये लीगचं नाव ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग झालं. प्रत्येक क्लबाने आपलं गळकं स्टँड दुरुस्त करण्यापेक्षा दोन-तीन मोठी स्टेडियम वाटून घ्यावीत, हे धोरण ठरलं. इंजिनिअर म्हणून मला यात एकही चूक काढता येत नाही. बारा जुने सर्व्हर चालवण्यापेक्षा एक डेटा सेंटर बरं, हे आम्हीच तर क्लायंटला सांगत फिरतो.

आणि एकेक दिवा मालवत गेला. रिचमंड १९६५ मध्ये आणि हॉथॉर्न १९७४ मध्ये आधीच हलले होते. १९८५ आर्डेन स्ट्रीट. १९९१ विंडी हिल. १९९२ मूराबिन. १९९७ वेस्टर्न ओव्हल. २८ ऑगस्ट १९९९ ला व्हिक्टोरिया पार्कवर शेवटची मॅच झाली. कॉलिंगवुड हरलं, आणि त्या सीझनला तळालाही गेलं. शेवटी २१ मे २००५ ला कार्लटनचं प्रिन्सेस पार्क. १८९७ पासून तिथे खेळणं चालू होतं. जिलाँग मात्र आजही स्वतःच्या जुन्या मैदानावर टिकून आहे.

फिट्झरॉयची कथा सर्वांत वाईट. त्यांनी १९६६ नंतर आपलं मैदान सोडलं आणि पुढची तीस वर्षं भाड्याच्या घरांत काढली. प्रिन्सेस पार्क, जंक्शन ओव्हल, व्हिक्टोरिया पार्क, पुन्हा प्रिन्सेस पार्क, वेस्टर्न ओव्हल. १९९६ च्या सीझनअखेर क्लब संपला आणि ब्रिस्बेनमध्ये विलीन झाला. उलट फुट्सक्रे बघा. १९८९ मध्ये त्यांचं फिट्झरॉयशी विलीनीकरण जवळपास झालंच होतं. लोक वेस्टर्न ओव्हलवर जमले, एका साध्या चाहतीने कोर्टात दावा लावला, आणि तीनेक आठवड्यांत सुमारे १५ लाख डॉलर गोळा झाले. आमचा डीबीए तेव्हा विशीत होता, डबा खुळखुळवत दारोदार फिरला म्हणे. क्लब वाचला. २०१६ मध्ये त्याच क्लबाने, वेस्टर्न बुलडॉग्ज या नव्या नावाने, ६२ वर्षांनी विजेतेपद मिळवलं. दुसऱ्या दिवशी लोक जमले कुठे? फायनल झालेल्या एमसीजीवर नाही, त्या वारा खाणाऱ्या जुन्या मैदानावर!

माझ्या प्रश्नाचं उत्तर मला इथे सापडलं. हिशेबात तिकिटं, खुर्च्या, पार्किंग सगळं धरलं होतं. लोक कुठे जमतील, याला मात्र कॉलमच नव्हता. क्लबाला स्टेडियम कितीही मोठं मिळो, आनंद झाला किंवा कुणी गेलं तर जाऊन उभं राहायला एक पत्ता लागतो.

आणि या कथेतला उपरोध असा, की भाडेकरू असणं हीच मोठी अडचण मानली गेली होती, पण तीच मैदानांना तारून गेली. जमीन सार्वजनिक, त्यामुळे विकून टॉवर उठवता आले नाहीत. लीगच्या हक्काचं वेव्हर्ली मात्र २००१ मध्ये बिल्डरला विकलं गेलं. मधलं मैदान आणि स्टँडचा एक तुकडा वारसा म्हणून राहिला, भोवतीच्या पार्किंगवर घरं आली.

३ फेब्रुवारी २०१७ ला महिलांच्या लीगची पहिली मॅच होती, कार्लटन विरुद्ध कॉलिंगवुड. आधी ती एका छोट्या मैदानावर ठेवली होती, मागणी बघून प्रिन्सेस पार्कला हलवली. आले २४,५६८ लोक. गेट बंद करावं लागलं, हजारो बाहेर राहिले, आणि लीगच्या प्रमुखाने स्वतः बाहेर येऊन त्यांची माफी मागितली. ज्या मैदानांवर बायकांना एके काळी धड सोयी नव्हत्या, ती पुन्हा भरली ती बायकांच्या खेळाने.

असो. मेलबर्नला गेलात तर एमसीजीची टूर कराच. पण तासभर काढून व्हिक्टोरिया पार्क स्टेशनला उतरा. मैदान स्टेशनला लागूनच आहे. भोवतीचं कुंपण काढून टाकलंय, जुनी तिकीटघरं तेवढी उभी आहेत. आत लोक कुत्रे फिरवत असतात, पोरं चेंडू लाथाडत असतात. कुणी अडवणार नाही, खुशाल आत जा.